तोंडाचा वास जातच नाही? चूर्ण बाजूला ठेवा, आधी जीभ आणि हिरड्या बघा

सोलापुरात मेडिकलचं दुकान चालवताना काही मागण्या पाठ होऊन जातात. त्यातली ही एक. दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून माणूस आत येतो, तोंडावर रुमाल किंवा पदर धरतो आणि हळूच म्हणतो, "अण्णा, पोट साफ होईना झालंय, त्यामुळं तोंडाला वास यायलाय. कायतरी चांगलं चूर्ण द्या की." चूर्ण घेतो, जोडीला माउथवॉशची बाटली घेतो. महिन्याभरात बाटली संपते आणि तोच माणूस तेच मागायला पुन्हा येतो.

वास पुन्हा पुन्हा येतो तेव्हा चूर्ण बदलून उपयोग नसतो, कारण जिथून वास येतो तिथे ते पोचतच नाही. दहापैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत वास तयार होतो तो तोंडातच, पोटात नव्हे. अन्ननलिका एरवी मिटलेली असते आणि जठराच्या वरच्या टोकाला झडप असते. ढेकर आली तर तेवढ्यापुरता वास येतो आणि जातो. ज्याला खरोखर ॲसिड वर येण्याचा त्रास आहे त्याला छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येतं. त्याचा इलाज फिजिशियनकडे. बद्धकोष्ठ असेल तर तेही बरं करून घ्या, पण त्याने तोंडाचा वास जाईल ही आशा ठेवू नका.

तोंडात हवेशिवाय जगणारे जंतू असतात. अन्नाचे कण, गालाच्या आणि जिभेच्या मेलेल्या पेशी, लाळेतली प्रथिनं हे त्यांचं खाद्य. ते खाताना हे जंतू गंधकाचे वायू सोडतात. त्यातला हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास आणि मिथाइल मरकॅप्टन म्हणजे कुजक्या कोबीच्या जवळपासचा. या जंतूंना जिथे हवा लागत नाही अशी जागा लागते. जिभेचा अगदी मागचा भाग, हिरडीच्या खालची फट, दोन दाढांच्या मधली जागा, जुन्या कॅपची कड. मुळात शोध घ्यायचा तो या चार-पाच ठिकाणांचा.

वास खरंच येतो का, आणि कुठून

स्वतःचा वास स्वतःला नीट कळत नाही, नाकाला त्याची सवय झालेली असते. तळहातावर फुंकर मारून वास घेण्याची सगळ्यांची पद्धत आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. त्यापेक्षा हे करा. चहाचा स्टीलचा चमचा घ्या, उलटा धरा आणि जिभेवर जमेल तितक्या मागून पुढे हलकेच ओढा. उबळ येईल, येऊ द्या. चमच्यावर पांढरट-पिवळट चिकट थर आला असेल तर पाच-दहा सेकंद थांबा आणि मग वास घ्या. समोरच्या माणसाला जो वास येतो तो बहुतेक हाच.

दुसरी तपासणी दोऱ्याची. दात साफ करायचा फ्लॉस मेडिकलमध्ये मिळतो. तो सगळ्यात मागच्या दोन दाढांच्या मधून हळूच खाली नेऊन बाहेर काढा आणि नाकाशी धरा. वर-खाली, डावी-उजवी, चारही कोपरे वेगवेगळे तपासा. एकाच जागेचा दोरा घाण वास मारत असेल तर तिथे कीड आहे, फट आहे, किंवा कॅप-सिमेंट नीट बसलेलं नाही असं धरून चाला. दोरा सगळीकडे गुलाबी होत असेल तर मामला हिरड्यांचा आहे. दाताच्या डॉक्टरला "वास येतो" एवढंच सांगण्यापेक्षा "उजवीकडे खाली, शेवटच्या दोन दाढांत" असं सांगितलंत तर त्याचं अर्धं काम होतं.

तिसऱ्या तपासणीला घरातलं माणूस लागतं, आणि इथेच बहुतेक जण अडतात. नवऱ्याला किंवा बायकोला विचारायचं कसं! पण विचारा. ओठ मिटून नाकाने श्वास सोडायचा आणि त्यांनी वास घ्यायचा. मग नाक दाबून तोंडाने. फक्त तोंडाने वास येत असेल तर दाताचा डॉक्टर. फक्त नाकाने येत असेल तर सायनस किंवा नाकाचा प्रश्न, तो कान-नाक-घशाच्या डॉक्टरचा. दोन्हीकडून सारखाच येत असेल तर वास श्वासातूनच, म्हणजे फुप्फुसांतून येतोय.

सकाळी उठल्याउठल्या येणारा वास यात धरू नका. झोपेत लाळ खूप कमी सुटते, त्यामुळे तो प्रत्येकाला येतो. ब्रश झाला, नाश्ता झाला आणि वास गेला, तर विषय संपला. दुपारी चारलाही येत असेल तर पुढचं वाचा.

जीभ

जिभेचा मागचा भाग जवळून बघितला तर तो सोलापुरी टॉवेलसारखा असतो, सगळे फास उभे. त्या फासांत काय अडकेल ते ब्रश फिरवून निघत नाही. आपल्याकडे जीभ घासायची सवय आहे ही चांगली गोष्ट; गडबड होते ती जागेची. बरेच जण जिभेचा पुढचा अर्धा भाग रोज खसाखसा घासतात, जो मुळात स्वच्छ असतो, आणि मागचा भाग उबळ येते म्हणून सोडतात. तांब्याची किंवा स्टीलची साधी जिभली पुरते. जीभ पूर्ण बाहेर काढा, श्वास सोडता सोडता मागून पुढे एकदा ओढा, जिभली धुवा, पुन्हा ओढा. चार-पाच वेळा, हलक्या हाताने. रक्त येईपर्यंत खरवडणं हा वेडेपणा आहे. रात्री झोपण्याआधी केलंत तर जास्त फायदा, कारण रात्रभर तोंड कोरडं राहणार असतं. हा थर रोज नव्याने साचतो, म्हणून हे कामही रोजचंच.

हिरड्या

जीभ स्वच्छ ठेवूनही वास राहिला तर मोठा संशय हिरड्यांवर. इथे दुकानदार म्हणून मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट सांगतो. हिरडीतून रक्त येतं म्हणून लोक त्या बाजूला ब्रश करायचं सोडतात. रक्त येतं ते तिथे घाण साचून हिरडी सुजली म्हणून. ब्रश बंद केला की घाण आणखी साचते, सूज वाढते आणि वासही.

दातावरचा मऊ थर एक-दोन दिवसांत निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे घट्ट व्हायला लागतो. तेच कीटण. एकदा घट्ट झालं की ते कुठल्याही पेस्टने, मंजनाने, मीठ-लिंबाने निघत नाही. लिंबाने उलट दाताचं वरचं कवच झिजतं. कीटण हिरडीखाली सरकलं की हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खाच तयार होते. निरोगी हिरडीत ही खाच १ ते ३ मिलिमीटर असते. त्याहून खोल गेली की तिथे ब्रश पोचत नाही, दोरा पोचत नाही, माउथवॉशही पोचत नाही. यालाच लोक पायरिया म्हणतात. तो बराच काळ दुखतच नाही, हीच त्याची खोड. दात हलायला लागला की मगच माणूस उठतो.

साखर असलेल्यांनी हे दोनदा वाचावं. मधुमेहात हिरड्यांचा आजार लवकर वाढतो आणि हिरड्या खराब असल्या की साखरही आटोक्यात यायला त्रास देते. गोळ्या वेळेवर घेऊनही तीन महिन्यांची साखर वरच राहत असेल तर एकदा तोंडात बघून घ्या.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची वेगळी अडचण आहे. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार आत वाढत असला तरी बाहेरून सगळं ठीक वाटतं. मिसरी लावणाऱ्या बायकांना वाटतं की मिसरीने दात साफ होतात. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती हिरडीला बधिर करते, त्यामुळे दुखायचं थांबतं आणि "मिसरीने बरं वाटतं" हा समज पक्का होतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे आणि कसा मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावर वेगळं काय बोलायचं. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याने मात्र एक तपासणी आजच करावी. आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील, तिखट खाल्ल्यावर तोंडाची आग होत असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ लागत असेल तर वासाचा विषय मागे ठेवा आणि आधी त्यासाठी डॉक्टर गाठा. यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो.

कोरडं तोंड: सोलापूरचा उन्हाळा आणि गोळ्या

लाळ हेच तोंडाचं धुणं. ती कमी पडली की वास वाढतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडून राहतो. पॉवरलूमवर, टॉवेलच्या कारखान्यात, उन्हात उभं राहून काम करणारा माणूस पाणी कमी आणि चहा जास्त पितो. त्यात तंबाखूची चिमूट. संध्याकाळी वास येणारच. त्याला औषध लागत नाही. दर तासाला दोन घोट पाणी आणि जेवणानंतर खळखळून चूळ एवढं केलं तरी फरक पडतो. साखर नसलेलं च्युइंगम चघळलं की लाळ सुटते.

नवरात्राचा उपवास असो की रमजानचा रोजा, उपाशीपोटी येणारा वास थोडा वेगळा असतो. तोंड कोरडं पडतं आणि बराच वेळ अन्न नसल्यामुळे शरीर चरबी जाळायला लागतं, त्याचाही वास श्वासात उतरतो. उपवास सुटला की जातो.

गोळ्यांकडे मात्र लक्ष द्या. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, काही बीपीच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. नवीन गोळी सुरू झाली आणि त्यानंतर वास सुरू झाला असा मेळ बसत असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरला सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बीपीची गोळी सोडून माणूस दवाखान्यात भरती झाला तर तोंडाचा वास कुणी विचारणार नाही.

आणि शेंगाचटणी. कडक भाकरी, शेंगाचटणी खाल्ल्यावर येणारा लसणाचा वास हा आजार नाही, आणि ब्रश करून तो पूर्ण जातही नाही. लसणातला गंधकाचा एक घटक रक्तात उतरतो आणि फुप्फुसांवाटे कितीतरी तास बाहेर पडत राहतो. दही, दूध, पुदिना, कच्चं सफरचंद यांनी तो बराच कमी होतो. चटणीत दही कालवून खायची आपली पद्धत इथे कामाला येते. मुलाखतीच्या किंवा मुलगी बघायला जायच्या दिवशी चटणी नको, एवढाच याचा इलाज.

दुकानातून तुम्ही काय नेता

क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दाताच्या डॉक्टरने ठराविक दिवसांसाठी लिहून दिलेलं असतं, बहुतेक वेळा दोनेक आठवडे. लोक जुनी चिठ्ठी दाखवून तेच वर्षभर वापरतात. मग दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग पडतात, जेवणाची चव बदलते, आणि वास तरी आहे तिथेच. पेस्ट लावल्यावर लगेच हे वापरलं तर त्याचा परिणामही कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्यायचा असतो. नुसत्या थंडगार वासाची, अल्कोहोल असलेली माउथवॉशं तासाभराचा मामला. काहींचं तोंड त्यांनी आणखी कोरडं पडतं.

दुसरी मागणी याहून वाईट. "मागच्या वेळी दाताच्या डॉक्टरनं मेट्रो दिली होती, वास एकदम गेला होता, तीच द्या." मेट्रोनिडाझोलने वास जातो हे खरं आहे, कारण ती हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंवरच चालते. पण कीटण आणि खाच जागेवर असतात, त्यामुळे कोर्स संपला की जंतू पुन्हा येतात. असं चार वेळा केलं की गोळीला दाद न देणारे जंतू तयार होण्याची सोय आपणच करून ठेवतो. ही गोळी चिठ्ठीशिवाय मागू नका, आणि मी नाही म्हणालो तर पुढच्या दुकानात जाऊ नका.

वेलदोडा, लवंग, बडीशेप खा, चांगल्या आहेत. वास झाकतात, घालवत नाहीत. साखरेच्या पेपरमिंटच्या गोळ्या दिवसभर चघळू नका, त्याने किडीला खाऊ मिळतो.

दाताच्या डॉक्टरकडे कधी

दोन आठवडे नीट प्रयत्न करा. सकाळी आणि रात्री दोन-दोन मिनिटं ब्रश, रात्री दोरा, जिभेचा मागचा भाग, भरपूर पाणी. कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची. दोन आठवड्यांनीही दुपारचा वास तसाच असेल तर जा. खालीलपैकी काही असेल तर तेवढंही थांबू नका:

- ब्रश करताना रक्त, हिरडीतून पू, दात हलणं, दोन दातांत नव्याने पडलेली फट
- एखाद्या दाढेत सारखं अन्न अडकणं, किंवा कॅपखालून खराब चव येणं
- दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गालात किंवा जिभेवर पांढरा किंवा लाल चट्टा
- अक्कलदाढेच्या मागची सूज. तिच्यासोबत ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळायला त्रास होत असेल तर त्याच दिवशी, रात्र झाली तरी

तिथे गेल्यावर काय होईल याची भीती फार असते. डॉक्टर बारीक खुणा असलेली सळई हिरडीच्या कडेने फिरवून खाच किती खोल आहे ते मोजतात, गरज वाटली तर एक्स-रे काढतात. कीटण असेल तर मशीनने साफ करतात. "क्लिनिंग केलं की दात सैल होतात" हे मी रोज ऐकतो. होतं असं की वर्षानुवर्षं साचलेलं कीटण दातांच्या मधल्या फटी बुजवून बसलेलं असतं. ते निघालं की फट दिसते, जिभेला लागते, थंड पाणी काही दिवस झिणझिणतं. हाडाचा आधार गेलेला दात आधीच हलत होता. कीटणाने तो टेकून धरला होता. खाच खोल असेल तर हिरडीखालची सफाई दोन-तीन वेळा बोलावून करावी लागते. हातात पैसे कमी असतील तर सिव्हिलच्या दंत विभागात केसपेपर काढा. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

जाण्याच्या दिवशी माउथवॉश वापरू नका, नाहीतर डॉक्टरला वासाचा अंदाज येणार नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगा.

दात ठीक निघाले तर

टॉन्सिलच्या खाचांत पांढरे-पिवळे खडे साचतात. खोकताना कधी तांदळाच्या कणीएवढा घाण वासाचा तुकडा बाहेर आला असेल तर तोच. गुळण्यांनी बहुतेक सुटतात, काडीने किंवा पिनेने टोकरू नका. जुनी सर्दी, घशात सारखा उतरणारा शेंबूड यांनीही वास येतो. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत चिंचोका, शेंगदाणा, मणी काहीतरी अडकलं आहे असं समजा आणि घरी चिमटा न घालता डॉक्टरकडे न्या.

मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येत असेल, सोबत उलट्या, जोराचा श्वास, गुंगी असेल तर ती इमर्जन्सी आहे, सरळ कॅज्युअल्टी गाठा. किडनी निकामी होत असेल तर श्वासाला लघवीसारखा, अमोनियाचा वास येतो. लिव्हरच्या गंभीर आजारात कुबट-गोडसर. अशी माणसं थोडी असतात, आणि त्यांना वासाखेरीज इतर त्रासही असतातच.

राहता राहिले ते, ज्यांना वास येतोय असं स्वतःला पक्कं वाटतं, पण घरच्यांना येत नाही, डॉक्टरला येत नाही. समोरच्याने नाकाला हात लावला तरी ते आपल्यामुळेच असं यांना वाटतं. लग्नाला जायचं टाळतात, बोलताना तोंड फिरवतात, दिवसातून सहा वेळा ब्रश करतात. हाही खराच त्रास आहे, फक्त त्याचा डॉक्टर वेगळा. दोन दाताच्या डॉक्टरांनी तोंड ठीक आहे म्हटल्यावर तिसऱ्याकडे जाण्याऐवजी मानसोपचार तज्ज्ञाला एकदा भेटा. तिथे इलाज आहे आणि तो लागू पडतो.